बाराव्या फ्रेटवरची फुली

वाद्यांच्या दुकानात काचेआड दुकानदार एका गिटारला चिकटपट्टी लावत होता. खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी. सकाळची वेळ, ताई कामावर निघालेली, हातात डब्याची पिशवी, आणि रोजच्या सवयीने काचेत डोकावली तर हे. तिचा पाय तिथेच अडला. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला आणि "अहो बाई, रस्त्यात काय उभ्या राहता!" म्हणून करवादत निघून गेला. तिचं लक्षच नव्हतं. ती गिटार तिच्या भावाची होती. म्हणजे तो वाजवायचा ती नव्हे, त्याच्या सहीची, कारखान्यात ढिगाने बनणाऱ्यांतली एक. माथ्यावर त्याची ती कोंबडीने पाय ओढल्यासारखी सही, आणि तारांखालच्या काळ्या पट्टीवर, तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, शिंपल्यातून कापून बसवलेली पांढरी फुली. चार हात, टोकाकडे रुंद होत गेलेले. दुकानदाराने नेमकी त्या फुलीवर पट्टी दाबली, नखाने कडा बसवल्या आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. ताई आत गेली. "हे काय करताय हो?" तिचा आवाज तिलाच चढा वाटला. दुकानदार ओशाळला. "वरून निरोप आलाय. ते चिन्ह झाका म्हणाले. कुठल्याशा जुन्या लष्कराचं आहे म्हणे, माणसं मारणाऱ्या. मला काय कळतंय त्यातलं, मी आपला तारा विकतो." मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "तुम्हाला हवीये का? कमी करून देईन." ताईने नको म्हणून मान हलवली आणि बाहेर आली. भाऊ गेला तेव्हाही तिला असं झालं नव्हतं. तेव्हा निदान रडता तरी आलं होतं.

त्या गिटारी जिथे बनायच्या त्याच कारखान्यात ती कामाला होती; तिथे पोचेपर्यंत ती स्वतःशीच भांडत होती. काय म्हणे लष्कराचं! आमच्या आजोबांचं पदक आहे ते, मेल्यांनो. हे वाक्य तिने चालता चालता तीन-चार वेळा तरी मनात म्हटलं, दर वेळी वेगळ्या माणसाला ऐकवल्यासारखं. शिंपल्याचं जडावकाम करणारी ती कारखान्यात एकटीच. खिडकीजवळचं टेबल तिचं, केसाएवढ्या पात्याची करवत तिची, नाकाला बांधायचा फडकाही तिचाच. शिंपल्याची भुकटी छातीत गेली की खोकून खोकून जीव जातो. ती त्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच मालकांनी हाक मारली. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता, आणि घाबरला की फार गोड बोलायचा. "या ताई, बसा. पाणी घ्या. हे बघा, आपल्याला काही शंका नाही. पण एका पेपराने जुना फोटो छापलाय. त्या लष्कराच्या सैनिकांचा. टोपीवर, गळ्यावर, सगळीकडे हीच फुली. अगदी हीच. मागेही एकदा बोंब झाली होती, पण तेव्हा तुमचा भाऊ होता, त्याने निस्तरलं. आता कोण बोलणार?" ताई म्हणाली, "मी बोलते की. आजोबांचं आहे म्हणून सांगते." मालकांनी टेबलावरचं पाणी तिच्याकडे आणखी थोडं सरकवलं. "तुम्ही नको. तुम्ही कारखान्यातल्या. आईंनी सांगितलं तर लोक ऐकतील. त्यांचेच वडील ना? फोनवर आवाज घेऊन आणा नुसता. हे माझ्या वडिलांचं पदक, एवढंच. नाहीतर ताई, मॉडेल बंद करावं लागेल, आणि मग पोराच्या नावाला जो डाग लागेल तो काही धुतला जाणार नाही." पोराच्या, म्हणाले मालक. भावाचं सगळं जमिनीखाली गेलं होतं, वर राहिलं होतं ते एवढं नावच.

नाव म्हणजे पोस्टरवरचं. घरात तो बारक्या. सहा फुटांच्या वर वाढला, दारातून वाकून यायला लागला, तरी बारक्याच. टेबलाशी बसून ताईने नवा शिंपला हातात घेतला खरा, पण करवत काही चालेना. बोटांना तो जुना डबा आठवत होता. आई शिवणकाम करायची. तिच्या यंत्राशेजारी बटणांचा एक पत्र्याचा डबा असायचा, आणि त्याच्या तळाशी एक फडक्याची पुरचुंडी. वर्षातून एकदा, थंडी सरत आली की, आई एका दुपारी यंत्र बंद करायची, टेबल साफ करायची, पांढरं कापड पसरायची आणि पुरचुंडी सोडायची. आत दोन वस्तू. एक चष्मा, एका काचेला तडा गेलेला. आणि एक धातूचा काळा बिल्ला, पांढऱ्या कडेचा, फुलीच्या आकाराचा. आई चष्मा हातात घ्यायची, पिवळ्या मऊ कापडाने काचा पुसायची, दांड्या पुसायची, त्या बिजागऱ्यासुद्धा. बोलायची नाही. बिल्ला मात्र ती कधी पुसायची नाही. कापडाच्या टोकाने उचलायची, बघायची आणि तसाच ठेवायची. उघडं बोट लागू द्यायची नाही. बारक्याने एकदा हात पुढे केला तर त्या हातावर चापट बसली होती. आईने मारल्याचं तेवढंच एक आठवतंय. मग दोघं पलंगाखाली बसून त्याचा अर्थ लावत राहिले. चष्मा आजोबांचा, हे आईने एकदा सांगितलं होतं. आजोबा युद्धात गेले, हेही. त्यापुढे विचारलं की आई उठून जायची. मग बिल्ला कुणाचा असणार? बारक्या डोळे विस्फारून म्हणाला होता, "पदक आहे गं ताई! आजोबा शूर होते. म्हणून तर आई त्याला हात लावत नाही. शूरांच्या पदकाला हात लावायचा नसतो." आणि ताईलाही ते पटलं. का पटू नये? एवढ्या जपणुकीचं दुसरं काय कारण असतं? आई बाजारात गेली असताना तिने बिल्ल्यावर कागद धरून पेन्सिल घासली, नाण्याचा छाप काढतात तसा छाप काढला. बारक्या पाळतीवर खिडकीत उभा. तो कागद तिने पुढे कित्येक वर्षं जपला.

आणि त्याच कागदावरून तिने पुढे फुली कापली होती. बारक्याला कारखान्याने स्वतःच्या सहीची गिटार देऊ केली तेव्हा तो थेट तिच्या टेबलाशी आला, स्टुलावर उलटा बसला आणि म्हणाला, "ताई, तो कागद आहे ना अजून? मला आजोबा हवेत गिटारवर. मधोमध. जिथे तार निम्मी होते तिथे. कुठेही जाऊ दे सूर, आजोबांवरून जाईल." काय बोलायचा हा मुलगा! तिने हसून त्याला टपली मारली, पण ते काम तिने जीव ओतून केलं. फुलीचे आतले कोपरे शिंपल्यात फार नाजूक निघतात, जरा जोर झाला की चट्‌दिशी तुटतात. चार तुटल्या, पाचवी साधली. पहिली गिटार त्याने आईकडे आणली. आईला काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं दोघांचं. जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवली, खिट्ट्या उघडल्या, झाकण वर केलं. आई जवळ आली, स्वतःचा चष्मा नाकावर सरकवला, वाकली. मग सरळ झाली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळ वाहत राहिला, बराच वेळ, आणि बारक्या ताईला कोपराने ढोसून हळूच म्हणाला, "रडतेय बघ. आनंद झालाय म्हातारीला." त्याचा चेहरा काय फुलला होता तेव्हा! ताईला आज तो चेहरा आठवेनासा व्हावा असं वाटलं आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

त्यानंतर आई त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही. आधी जायची. गर्दी तिला सोसायची नाही, आवाजाने कान दुखायचे, तरी कानात कापूस घालून मागच्या रांगेत बसायची. फुलीची गिटार आली आणि ते बंद झालं. आज गुडघे, उद्या डोकं, परवा कुणाचं लग्नाचं शिवण. बारक्या पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवायचा. वर्षानुवर्षं ठेवली. मग एकदा ताईने पाहिलं तर तिथे कुणीतरी अनोळखी बसलेलं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. एकदाच, गाडीत बसताना, तो म्हणाला, "ताई, आईला माझं आवडत नाही ना गं? आजोबा एवढे मोठे आणि नातू काय, तर तारा खाजवतो." ताई म्हणाली, "वेडा आहेस का, तिचा स्वभावच तसा." काय दुसरं म्हणणार होती? आणि मागे पेपरात पहिल्यांदा बोंब झाली, ही फुली त्या लष्कराची आहे म्हणून, तेव्हा तो टीव्हीवर सांगायला गेला. ताठ बसून म्हणाला, "हे आमच्या घरातलं आहे. मला त्याचा अभिमान आहे. मेलो तरी काढणार नाही." त्या दिवशी आईच्या घरी टीव्ही चालू होता, ताई तिथेच होती. आईने उठून टीव्ही बंद केला आणि यंत्रावर बसली. सुई रिकामीच खालीवर होत होती, दोरा ओवलेला नव्हता. मग गेल्या हिवाळ्यात कार्यक्रमाहून परतताना त्याची गाडी रस्ता सोडून गेली. शेवटचा निरोप देताना बँडमधल्या पोरांनी त्याच्या कुशीत गिटार ठेवली होती. आई पुढे आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "ते बाजूला घ्या." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढं काळीज दगडाचं असतं का आईचं? ताईनेसुद्धा त्या क्षणी आईचा राग राग केला होता. तेव्हापासून ती गिटार कारखान्यात काचेच्या कपाटात उभी होती.

पण आज आईनेच त्याचं नाव वाचवायचं होतं. ताईला वाटलं, बरंच झालं. लेकराबद्दल चार शब्द बोलेल तरी. दुपारीच मालकांना सांगून ती निघाली. आई खिडकीशी बसून कुणाच्यातरी कोटाचं अस्तर उसवत होती. ताईने चहा केला, समोर ठेवला, आणि सगळं सांगितलं: चिकटपट्टी, फोटो, मालक. फोन टेबलावर ठेवत म्हणाली, "तू फक्त एवढं बोल, की हे आजोबांचं पदक आहे. बाकी मी बघते." आई अस्तर उसवायची थांबली. "काय आहे म्हणालीस?"

"पदक. आजोबांचं. डब्यातलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आम्हाला माहीतच होतं. मला आणि बारक्याला. लहानपणापासून."

आईने कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला की ताई खुर्चीतून अर्धी उठली. आईला काही होतंय असंच तिला वाटलं. पण आईने हाताने तिला बसवलं आणि बोलायला लागली, खिडकीकडे बघत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. "माझ्या बापाला पदक कशाचं? शाळेत मास्तर होते. गणित शिकवायचे. ते लोक घरात शिरले तेव्हा बाबा चष्मा शोधत होते. त्यांनी दंडाला धरून ओढलं त्यांना, मी एकाच्या कोटाला लोंबकळले. सात-आठ वर्षांची असेन. त्याने झटकलं मला. मी पडले, आणि तो माझ्या मुठीत राहिला. तो बिल्ला. त्याच्या कोटावरचा." नळ ठिबकत होता. ताईला तो ऐकू येत होता आणि दुसरं काही येत नव्हतं. "मला वाटलं, तो परत येईल. बिल्ला मागायला. मोठ्या माणसाची वस्तू, तो येणारच. आला की म्हणायचं, आधी सांगा बाबा कुठे आहेत, मग देते. म्हणून ठेवला. मग मोठी झाले, कळलं की कुणी येत नसतं. पण टाकू कसा? टाकला आणि आला तर?" आई हसली, ते हसू बघवेना. "दर वर्षी त्या दिवशी बघायचे, आहे ना म्हणून."

पुसायची नाही. हात लावायची नाही. एवढी साधी गोष्ट, आणि दोन शहाण्यांनी पलंगाखाली बसून तिचं काय केलं! "आई, अगं सांगायचंस ना गं," ती कशीबशी म्हणाली, "एकदा तरी." आई म्हणाली, "तोंडातून निघायचंच नाही. वाटायचं, सांगितलं तर तुम्हालाही ते रात्री दिसेल. तुम्ही लहान होतात. मग मोठे झालात, मग राहूनच गेलं. आणि तो ते घेऊन आला. टेबलावर उघडलं. मी म्हटलं, पोरांना काय, चकचकीत दिसलं, घेतलं. पण मग पेपरात आलं, कुणाचं ते. वाटलं, आता काढेल. तर टीव्हीवर म्हणतो, अभिमान आहे." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "माझ्या पोटचा पोर, माझ्या बापाला नेलं त्या माणसाची खूण मिरवतो आणि म्हणतो अभिमान आहे! मी कशी बसू त्याच्यासमोर? टाळ्या कशा वाजवू?"

"त्याला माहीत नव्हतं गं!" ताई ओरडलीच. "त्याला वाटायचं पेपरवाले चुकलेत. त्याला आजोबा हवे होते. मधोमध. सूर आजोबांवरून जावा म्हणून. तो तुझ्यासाठी खुर्ची ठेवायचा, पहिल्या रांगेत, माहितीये तुला? विचारायचा मला, आईला माझं आवडत नाही का म्हणून." बोलता बोलता तिलाच कळलं की हे आता आईला सांगायला नको होतं. पण बाण सुटला होता. आईचे हात मांडीवरच्या कोटावर चुकल्यासारखे फिरत होते, खिसे चाचपत, काहीतरी हरवलं असावं तसे. "माझ्या बापासाठी बसवलं त्याने?" तिने विचारलं. ताईने होकारार्थी मान हलवली. "बाबांसाठी?" पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "मी गेले असते गं. मी रोज गेले असते." आणि कोटात तोंड खुपसून रडली. लेकाच्या मरणाला न रडलेली ही बाई लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली, आणि ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि फोन स्वतःजवळ ओढला. "कुठे दाबायचं?"

"काय करतेयस?"

"बोलते ना. त्याच्या नावाला डाग नको." ताईने न कळून बटण दाबलं. आई ताठ बसली. टीव्हीवर बारक्या बसला होता अगदी तशीच. "हे पदक," ती फोनला म्हणाली, "माझ्या वडिलांचं..." पुढे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने गिळलं, पुन्हा सुरुवात केली. "माझ्या वडिलांच्या छातीवर हे..." ताईने झडप घालून फोन बंद केला. "नको. नको आई. हे नको." आई चिडली. "का नको? मेलेल्याला काय फरक पडतो? बाबांना मी समजावीन. माझ्या पोराला कोण वाचवणार मग?" ताईला एवढंच कळत होतं की बारक्याला हे कळलं असतं तर त्याने दाताने उपटून काढली असती ती फुली. "त्यालाच हे चाललं नसतं," ती म्हणाली. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन परत सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मालकांना उभ्याउभ्याच सांगितलं, आजोबांचं नव्हतं, ज्यांनी आजोबांना नेलं त्यांचं होतं, आम्हा भावंडांची चूक झाली. मालकांचे डोळे चमकले. "अहो ताई, मग हेच सांगू या की! लोकांना भरून येईल. आईंचा एक फोटो..." ताई म्हणाली, "नाही. चूक झाली, एवढंच सांगा. माझे आजोबा गिटार विकायला नाहीत." दुपारपर्यंत मॉडेल बंद झाल्याचा कागद भिंतीवर लागला, आणि लोक बारक्याला काय काय म्हणाले ते तिने वाचलं नाही. तिने कपाटाचं कुलूप काढलं, त्याची गिटार टेबलावर आडवी घेतली, तारा सैल केल्या. फुलीवर गरम इस्त्रीचं टोक धरलं की खालचा डिंक सुटतो. घाई करायची नसते. पातळ पातं कडेने सरकवत तिने ती उचलली. सहज आली. इतक्या मेहनतीने बसवलेली, एवढ्यात आली. खाली काळ्या लाकडात तीच फुली राहिली, खोलगट. ते असंच असतं. वरचं काढलं तरी खोबण आकार सोडत नाही. नवा शिंपला भरायचा तर खोबण गोल करून मोठी करावी लागते. तिने पातं उचललं, पुन्हा ठेवलं. हात होईना. तिने गिटार तशीच पेटीत ठेवली, मालकांना फक्त "नेते" म्हणाली, आणि आईकडे आली.

आईने टेबल साफ केलेलं होतं. पांढरं कापड पसरलेलं होतं, वर चष्मा, आणि ते पिवळं मऊ कापड. बिल्ला नव्हता; कुठे गेला ते ताईने विचारलं नाही. तिने पेटी उघडली. आई वाकली, तेव्हा वाकली होती तशीच, आणि रिकाम्या खोबणीवर तिने बोट ठेवलं. उघडं बोट. "इथे होते बाबा," ती म्हणाली. "त्याच्या मनात." ताई म्हणाली, "हो." आईने पिवळं कापड उचललं आणि गिटार पुसायला घेतली. आधी माथा, ती वेडीवाकडी सही, मग एकेक खुंटी, बिजागऱ्या पुसायची तशी, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग मान. खोबणीपाशी आली तेव्हा कापडाचं टोक बोटावर गुंडाळून तिने फुलीचे चारही हात आतून पुसले. घाई केली नाही. तारांना कापड लागून एक सूर निघाला, सैल पडलेला, बेसूर. आई थांबली, ऐकलं, आणि ताईला म्हणाली, "खुर्ची घे गं. बस इथे पुढे."

ताई बसली. आई पुसत राहिली.